फिनलंडचं रुखवत

कुसुरवाडीत केरबा नावाचा एक टेम्पोवाला राहायचा. भोळा. म्हणजे किती भोळा? कुणी तोंडावर वेडा म्हटलं, तर तो म्हणायचा, "असेन बाबा. तुम्ही बघून म्हणताय, तेव्हा असेन." पण एक सांगून ठेवतो, केरबा विसराळू नव्हता. त्याला सांगितलेला शब्द न शब्द ध्यानात राहायचा, आणि तेच तर सगळं दुखणं होतं. तुम्हीआम्ही सांगितलेलं निम्मं विसरतो, म्हणून आपलं बरं चाललंय.

लग्नसराईत केरबाच्या टेम्पोला उसंत नसायची. लग्नात मुलीकडची मंडळी रुखवत मांडतात ना? टेबलांवर चकचकीत भांडी, विणलेले रुमाल, मोत्यांचे मोर, पाहुण्यांनी रांगेनं बघत जायचं आणि वा वा म्हणायचं. लग्न लागलं की ते सगळं बांधायचं आणि नवऱ्या मुलाच्या दारात नेऊन उतरवायचं, हे केरबाचं काम. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेचा पेला तो पेंढ्यात असा बसवायचा, की खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर पेल्याला जाग यायची नाही. अख्ख्या पंचक्रोशीची रुखवतं त्यानं पोचवली, पण त्याच्या स्वतःच्या दारात काही रुखवत उतरेना.

उतरणार कसं? एका ठिकाणी मुलगी बघायला गेला, तर मुलीचा बाप म्हणाला, "संकोच करू नका, आपलंच घर समजा." केरबा समजला. जेवला, सदरा खुंटीला अडकवला आणि पसरला. सकाळी मुलीचा बाप डोळे चोळत बाहेर आला, तर केरबा त्याला म्हणाला, "या, बसा. कधी आलात?"

केरबाची आई हौसाबाई. नवरा लवकर गेलेला, हा एकुलता एक. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. "माझ्या मागं या लेकराला कोण रं बघंल?" म्हणायची आणि पदर डोळ्याला लावायची.

अशात शहरातलं एक स्थळ आलं. मुलगी वैजयंता, वस्तुसंग्रहालयात नोकरीला. आलेल्या लोकांना वस्तू दाखवायच्या, माहिती सांगायची, हे तिचं काम. तिच्या वडलांनी, तात्यांनी, निरोप धाडला, "मुलीला सध्या सुट्टी नाही. फिनलंड देशात हेल्मी कोर्पेला म्हणून एक बाई आहेत, त्यांनी जन्मभर घडवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन लागलंय. मुलाला तिथंच पाठवा. प्रदर्शन बघितल्यासारखं होईल आणि मुलगी बघितल्यासारखं होईल."

हौसाबाईनं केरबाला समोर बसवलं. "हे बघ, आता हे शेवटचं. हे हुकलं तर मी कुणाच्या दारात जायची न्हाई. नीट ऐक. तिथं गेलास की उभ्या उभ्या परत येऊ नगंस. चांगलं बस, दोन शब्द बोल, मग ये."

"बरं आई. ध्यानात ठेवतो."

केरबा शहरात गेला. टेम्पो झाडाखाली लावला, चपला दारात काढल्या आणि आत शिरला. बघतो तर काय! लांबलचक दालन. पांढऱ्या टेबलांवर काचेची भांडी मांडलेली. भिंतींवर विणलेली कापडं, वर दिवे, बाजूला उशा आणि खुर्च्या. प्रत्येक वस्तूशेजारी एक छोटं कार्ड. माणसं रांगेनं चालतायत, वाकून वाचतायत आणि "काय सुरेख, काय सुरेख" करतायत.

केरबाला हसूच आलं. असलं त्यानं जन्मभर बघितलेलं. 'रुखवत! लग्न ठरायच्या आधीच मांडून ठेवलंय. माणसं भलतीच हौशी दिसतात,' तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात वैजयंता समोर आली. निळी साडी, गळ्यात ओळखपत्र, चेहरा असा की बघत राहावं. केरबाला ती बघताक्षणी आवडली. कान तापले.

"मी केरबा," तो म्हणाला.

"हो, तात्या बोलले होते. जरा थांबाल का? शाळेची मुलं आलीयेत, त्यांना घेऊन येते."

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"छे हो! हेल्मीबाईंनी केलंय."

केरबानं ओळखलं. मुलीची आत्या असणार, नाहीतर मावशी. रुखवतातलं निम्मं आत्या-मावश्याच करतात आणि नाव मुलीचं होतं.

वैजयंता गेली आणि केरबाला आईचं बोलणं आठवलं. उभ्या उभ्या परत जायचं नाही, बसायचं. दालनाच्या मधोमध एक चौथरा होता. त्यावर वाकवलेल्या लाकडाची एकच खुर्ची आणि वरून दिव्याचा झोत. 'मुलाची बसायची जागा केलेली दिसते,' असं म्हणून केरबा चौथऱ्यावर चढला आणि बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली, बघायला आलेला मुलगा बसतो तसा.

ती खुर्ची हेल्मीबाईंनी ऐन तारुण्यात घडवलेली. देशोदेशी फिरलेली. तिच्यावर कुणी टेकायची छाती केली नव्हती.

शाळेची पोरं आली. त्यांच्या बाई म्हणाल्या, "मुलांनो, हा पुतळा बघा. किती हुबेहूब केलाय! जिवंत वाटतो की नाही?"

एक पोरगी जवळ जाऊन म्हणाली, "बाई, पुतळ्याला घाम आलाय."

वैजयंता धावतच आली. "अहो, उठा! आधी उठा! इथं कशाला हात लावायचा नसतो. हात मागं बांधायचे, लांबून बघायचं, छान आहे म्हणायचं आणि पुढं जायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

केरबा उतरला. त्यानं हात मागं बांधले, चार पावलं मागं सरकला, लांबून वैजयंताकडं बघितलं, "छान आहे," म्हणाला आणि पुढं गेला. पुढं म्हणजे थेट टेम्पोपर्यंत.

घरी हौसाबाई वाटच बघत होती. "बसलास का?"

"बसलो."

"दोन शब्द बोललास?"

"बोललो. छान आहे."

हौसाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

तिकडं वैजयंतानं तात्यांना सांगितलं, की मुलगा जरा वेगळाच आहे, पण मनानं साधा वाटतो. तेव्हा तात्या म्हणाले, मी स्वतः बघतो. पुढच्या खेपेला ते संग्रहालयाच्या उपाहारगृहात येऊन बसले. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. घरून पोहे करून आणलेले, वर खोबरं-कोथिंबीर, शेजारी लाडू. सगळं टेबलावर मांडलं आणि केरबाला बोलावलं.

"या या, बसा असे!"

केरबानं हात मागं बांधले. लांबून तात्यांकडं बघितलं. "छान आहे," म्हणाला. मग पोह्यांकडं बघितलं. "छान आहे." लाडवांकडं जरा जास्त वेळ बघितलं, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. "छान आहे," म्हणाला आणि पुढं गेला.

तात्यांच्या हातातली बशी हातातच राहिली. ते तणतणत घरी गेले. "माझ्याकडं असा बघत होता, जसा मी बाजारात विकायला उभा आहे!"

निरोप कुसुरवाडीला पोचला. हौसाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं, आपल्यासाठी मांडलेलं पान सोडून कुणी उठतं का? समोर मांडलेलं असंल ते गुमान खायचं. घशाखाली उतरंना तरी खायचं. पानात काही टाकायचं न्हाई, आन् आपलं ताट आपण धुऊन ठेवायचं. जा, माफी माग त्यांची."

"बरं आई. ध्यानात ठेवतो."

केरबा पुन्हा गेला. तात्या आलेले नव्हते. वैजयंता पाहुण्यांना वरचा मजला दाखवत होती. केरबा दालनात फिरता फिरता एका टेबलापाशी थबकला. त्यावर जेवण मांडलेलं होतं. हेल्मीबाईंच्या ताटल्या, हेल्मीबाईंचे पेले, बाजूला घडी घातलेले रुमाल. आणि फिनलंडची माणसं कशी जेवतात ते कळावं म्हणून ताटलीत त्यांच्या देशची भाकरी. काळी, वाटोळी, मधोमध भोक. पेट्यांबरोबर समुद्रावरून आलेली. वाळून वाळून तिचं पार जातं झालं होतं.

केरबानं इकडं तिकडं बघितलं. समोर मांडलेलं आहे, तर खायलाच पाहिजे. तो खाली बसला आणि त्यानं भाकरी तोडायला घेतली. ती तुटेना. गुडघ्यावर आपटून तोडली. दात कडाकडा वाजले, डोळ्यांतून पाणी आलं, जबडा दुखून आला. पण पठ्ठ्यानं पानात तुकडा टाकला नाही. मग ताटल्या आणि पेले उचलून बागेतल्या नळाखाली नेले, विसळले, सदऱ्यानं लख्ख पुसले आणि आणून होते तिथं ठेवले.

वैजयंता खाली आली, तेव्हा तो शेवटचा तुकडा गालात धरून उभा होता.

"भाकरी कुठंय?" ती किंचाळलीच.

केरबानं पोटावर हात ठेवला. "जरा कडक होती, पण मी नाव ठेवलं नाही."

वैजयंताला आधी दरदरून घाम फुटला. नोकरी जायची वेळ! मग तिनं केरबाच्या सुजलेल्या गालाकडं बघितलं आणि तिला एकदम हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती वाकून वाकून हसली. त्या संग्रहालयात असं हसू आजवर कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी तिनं आपल्या डब्यातली बाजरीची भाकरी काढली, मधोमध बोटानं भोक पाडलं आणि ताटलीत ठेवून दिली. दुपारी संग्रहालयाचे प्रमुख उकिडवे साहेब पाहुण्यांना सांगत होते, "बघा, फिनलंडची भाकरी. आपल्याकडच्या हवेत किती ताजी राहिलीय!"

जाताना वैजयंता केरबाला म्हणाली, "अहो, ही भांडी जेवायला नसतात. हेल्मीबाई केवढ्या मोठ्या आहेत, माहितेय का? त्यांना मान द्यायचा. तेवढं केलंत तरी पुष्कळ झालं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उजाडला. समारोपाला खुद्द हेल्मीबाई फिनलंडहून आल्या होत्या. उकिडवे साहेब त्यांना उतरल्या ठिकाणाहून आणायला गेले होते. तात्याही आले होते. आज काय ते ठरवून टाकायचं, हो तर हो, नाही तर नाही, असं म्हणून आले होते. वैजयंताचा चेहरा उतरला होता, कारण तात्यांचा 'नाही' तिला दिसत होता.

केरबा सकाळीच पोचला. मान द्यायचा म्हणून झेंडूचा जाड हार, उदबत्त्या, कुंकू, नारळ, सगळं घेऊन. दारातच हेल्मीबाईंचा मोठा फोटो होता. पांढरे केस, निळे डोळे, गोड हसू. केरबानं फोटोला हार घातला. कपाळावर कुंकू लावलं. खाली उदबत्त्या पेटवल्या, नारळ ठेवला, हात जोडले. एवढ्या वस्तू एकट्या बाईनं केल्या, या विचारानं त्याला भरून आलं. डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

पाहुणे यायला लागले. बघतात तर फोटोला हार, समोर उदबत्ती आणि एक माणूस मुसमुसतोय.

"अरेरे! कधी गेल्या?"

"काल रात्री तर आल्या म्हणत होते."

"प्रवास सोसला नसेल हो."

"वयही झालं होतं."

एक पुढारी होते. त्यांना भाषण करायचंच होतं, ते तिथंच उभे राहिले आणि म्हणाले, "हेल्मीबाईंच्या जाण्यानं खुर्चीच्या क्षेत्रात जी पोकळी निर्माण झाली आहे, ती कधीही भरून निघणार नाही. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. डोळे मिटले, माना खाली घातल्या. चिडीचूप.

आणि त्याच वेळी उकिडवे साहेबांबरोबर हेल्मीबाई आत आल्या.

त्यांनी बघितलं, सगळे गप्प उभे आहेत. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांच्या देशात माणसं एरवीही अशीच गप्प उभी राहतात म्हणे. त्याही शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मान खाली घातली. जरा वेळानं, कुणासाठी उभे आहोत म्हणून त्यांनी हळूच मान वर करून बघितलं, तर फोटो त्यांचाच.

पुढाऱ्यांनी डोळे उघडले. शेजारी हेल्मीबाई. "भूत!" असं ओरडून ते उदबत्त्यांवर बसले आणि तितक्याच लगबगीनं उठले.

एकच गोंधळ उडाला. पण हेल्मीबाई? त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला धरून उभं राहावं लागलं. त्यांनी फोटोवरचा हार काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

उकिडवे साहेब मात्र लालबुंद झाले. ते केरबाला कोपऱ्यात घेऊन गेले. "अहो, हार फोटोला घालतात का? धडधाकट बाई आहे ती! वस्तूंच्या मागं काय लागता? आधी माणूस, मग वस्तू! आधी माणसाची नीट बसायची सोय बघायची, मग बाकीचं. कळलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

तात्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "वैजू, चल. बघितलं तेवढं पुरे झालं. हा माणूस आपल्याला नको."

वैजयंता जागची हलली नाही. "तात्या, मी इथं दिवसभर घसा कोरडा करते. हात लावू नका, पुढं चला, आवाज करू नका. सगळे हो हो म्हणतात आणि मी पाठ फिरवली की हात लावतात. माझं कुणी ऐकत नाही. घरी तुम्हीसुद्धा ऐकत नाही. हा एकच माणूस भेटला, ज्यानं माझा शब्द न शब्द ऐकला."

"ऐकतो गं तो, पण करतो काय!"

"काय करायचं ते मी नीट सांगेन. पण ऐकणारा मला कुठून आणून द्याल?"

तात्यांनी टोपी पुन्हा सैल केली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांना बघवेना. शेवटी केरबापाशी जाऊन म्हणाले, "जावईबापू, आमचा होकार आहे. पुढं तुम्ही जाणा आणि ती जाणे."

केरबाला काय करावं ते सुचेना. सांगितलेलं कुणी नव्हतं ना! तो नुसता हसत उभा राहिला. मग त्याला वाटलं, होकार आला म्हणजे आता कामाला लागलं पाहिजे.

आणि काम चालून आलं. दुपारी सगळ्या वस्तू बांधून विमानतळावर जायच्या होत्या, तर ठरवलेला ट्रक वाटेतच बंद पडला. उकिडवे साहेबांचं तोंड पांढरं पडलं. तेव्हा वैजयंता म्हणाली, "साहेब, यांचा टेम्पो आहे. काच बांधावी ती यांनीच."

साहेबांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग केरबाला बोलावलं. "तुम्ही लग्नाचं रुखवत नेता म्हणे?"

"नेतो."

"आजवर काही फुटलंय?"

"नाही."

"मग हेही अगदी तस्संच न्यायचं. नेहमी नेता तसं. त्यात काडीचा बदल नको!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

एवढं सांगून साहेब पाहुण्यांकडं गेले. कुठं न्यायचं ते सांगायचं राहून गेलं, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं. केरबालाही ठाऊक होतं. रुखवत कुठं नेतात? नवऱ्या मुलाच्या घरी. आणि नवरा मुलगा कोण, ते तात्यांनी आत्ताच सांगितलं होतं.

आत भाषणं चालली होती. हेल्मीबाई त्यांना कंटाळून बाहेर बागेत आल्या आणि केरबाचं काम बघत राहिल्या. पेंढा, मग पेला, मग पेंढा. खुर्ची गोधडीत, दिवे गादीत. त्यांनी जगभर माणसांना आपल्या वस्तू बांधताना बघितलं होतं, पण इतक्या मायेनं नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि त्याही पेंढा भरायला लागल्या.

सगळं तयार झालं, तेव्हा केरबाला आठवलं. आधी माणूस, मग वस्तू. त्यानं पुढचं दार उघडलं, सीट सदऱ्यानं झटकली आणि हेल्मीबाईंना हातानं "बसा" म्हटलं. मुलीकडची एक बाई पाठराखीण म्हणून रुखवताबरोबर येतेच, यात त्याला नवल वाटलं नाही. हेल्मीबाईंना वाटलं, आपल्याला उतरल्या ठिकाणी सोडतायत. त्या बसल्या. नवरीचं म्हणाल, तर नवरी काही टेम्पोतून येत नाही. ती मागून मोटारीनं येते. केरबाचं सगळं रीतीनं चाललं होतं.

मग त्यानं वस्तू चढवल्या आणि टेम्पो सोडला. वाटेत दोघं एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचं फार छान जमलं.

फाट्यावर थांबून केरबानं आईला फोन लावला. "आई, होकार आला. रुखवत घेऊन निघालोय. शेजारी बाई बसल्यात."

हौसाबाईच्या हातातला फोन गळून पडायचा राहिला. "अगं बाई! न्हाई मुहूर्त, न्हाई अक्षता, पोरगी घिऊनच आला की!" मग ती हरखली, घाबरली, रडली आणि कामाला लागली. सारवण झालं, रांगोळी झाली. दारात आंब्याचा टाळा बांधला. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलं. "आलीच हाय तर माप तरी रीतसर ओलांडू दे." आळीतल्या बाया गोळा झाल्या. कुणी वाजंत्रीवाल्यालाही उठवून आणलं.

दिवेलागणीला टेम्पो दारात उभा राहिला. वाजंत्री वाजली. केरबानं दार उघडलं आणि हेल्मीबाई खाली उतरल्या. पांढरे केस, निळे डोळे, गळ्यात झेंडूचा हार.

वाजंत्री बंद पडली. बायांनी तोंडात बोटं घातली.

हौसाबाई ओवाळणीचं ताट धरून उभीच राहिली. तिला वाटलं, 'इतकी वर्षं देवाला म्हणत आले, कशी बी असू दे, कुठली बी असू दे, पर सून दे. देवानं शब्दाला शब्द ऐकलं.' पोरानं आणली ती आपली. तिनं पुढं होऊन ओवाळलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "ये बाई. उजवा पाय आधी."

हेल्मीबाईंना उंबऱ्यावरचं माप फार आवडलं. त्या ते उचलून उलटंपालटं करून बघायला लागल्या. तशा बाया ओरडल्या, "हातानं न्हाई, पायानं! पायानं!" आणि पाय उडवून दाखवायला लागल्या. हेल्मीबाईंनी माप परत ठेवलं, बूट काढला आणि उजव्या अंगठ्यानं असं अलगद लवंडलं, की तांदूळ सरळ आतल्या अंगाला पसरले. बायांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. "नाव घ्या, नाव घ्या!" म्हणाल्या. हेल्मीबाईंनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली.

"म्हटलान् बाई झोकात," एक म्हातारी म्हणाली.

केरबा तोवर अंगणात रुखवत मांडत होता. बाया रांगेनं बघायला लागल्या. ज्या खुर्चीवर कुणी टेकत नव्हतं, तिच्यावर म्हातारी बसली आणि तिनं चंची सोडली. शेजारणीनं मोठं काचेचं भांडं उचललं आणि कोंबडीच्या पिल्लांवर पालथं घातलं.

तेवढ्यात धुरळा उडवत मोटार आली. आतून उकिडवे साहेब, तात्या आणि वैजयंता उतरले. विमानतळावर शोधून, पोलिसांत सांगून, शेवटी तात्यांच्या डोक्यात उजेड पडला म्हणून ते इथं आले होते. साहेबांनी पिल्लांवरचं भांडं बघितलं आणि ते जमिनीवरच बसले.

हौसाबाई वैजयंताला म्हणाली, "तू कोण गं लेकी?"

"मी वैजयंता."

हौसाबाईनं उंबऱ्याच्या आत बघितलं. तिथं हेल्मीबाई पाटावर बसून गूळपाणी घेत होत्या. "आन् मग ही कोण?"

"ती होय? ती पाठराखीण," केरबा म्हणाला.

"आरं मुडद्या! मी पाठराखणीला माप ओलांडायला लावलं की रं!"

तात्यांनी वैजयंताचा हात धरला. "वैजू, अजून वेळ गेलेली नाही. गाडी चालूच आहे."

केरबाचा चेहरा पहिल्यांदाच पडला. आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं, पण मुलगी चाललीय एवढं कळत होतं. तो हात मागं बांधून, लांबून तिच्याकडं बघत राहिला. या वेळी त्याच्यानं पुढं जाववेना.

वैजयंतानं तात्यांचा हात सोडवला. अंगणातून चालत ती उंबऱ्यापाशी गेली, पदर खोचला आणि सांडलेले तांदूळ गोळा करून माप पुन्हा शिगोशीग भरलं.

"अगं पोरी, लग्न व्हायचंय अजून!" हौसाबाई म्हणाली.

"लग्न होईल तेव्हा होईल, मावशी," वैजयंता म्हणाली आणि तिनं उजवा पाय पुढं केला. "माप मी आजच ओलांडते. नाहीतर पुढच्या खेपेला हे आणखी कुणाला घेऊन येतील, सांगता यायचं नाही."